विजेला कोळसा, कोळशाला वीज

पंचायत समितीच्या बैठकीत नव्या कृषिपंपांना वीज देण्याचा ठराव संमत होतो. परंतु वीज हवी तर कोळसा हवा आणि खाणीतून कोळसा काढावयाचा तर पुन्हा वीजच हवी! हे परस्परावलंबन मोजण्याची रीत म्हणजे आदान-प्रदान सारणी. ती विकसित करणारे अर्थशास्त्रज्ञ वासिली लिओन्टिफ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

केवळ समजण्यासाठी असे धरू की, १०० रुपयांची वीज निर्माण करण्यास ३० रुपयांचा कोळसा लागतो आणि १०० रुपयांचा कोळसा काढण्यास १० रुपयांची वीज. पंपांना १०० रुपयांची वीज द्यावयाची असेल, तर तेवढीच निर्माण करून भागणार नाही. सुमारे १०३ रुपयांची वीज व ३१ रुपयांचा कोळसा लागेल. वरची ३ रुपयांची वीज खाणीतच खर्ची पडते. प्रत्यक्षात पोलाद, सिमेंट, रेल्वे अशा अनेक क्षेत्रांचे रकाने एकत्र मांडावे लागतात. पाचव्या पंचवार्षिक योजनेची (१९७४-७९) उद्दिष्टे ठरविताना अशा सारणीचा आधार घेण्यात आला होता.

मात्र सारणी ही प्रमाणे स्थिर धरते. कोळशाचा कस उतरून ३० चे ३५ झाले, की ३१ रुपयांच्या कोळशातून ८९ रुपयांचीही वीज निघत नाही. त्यातून खाणीचा वाटा आधी जातो आणि ठरावातील शेवटचे पंप बंदच राहतात.