पोलिसांपुढे मौन आणि असत्य
(मंडळीच्या शास्त्राभ्यासासाठी पाठ)

हा पाठ घेण्यापूर्वी मत्तयाच्या २६ व्या अध्यायातील ५७ व्या ओवीपासून शेवटपर्यंतचा भाग, योहान १८:१९-२३ आणि प्रेषितांची कृत्ये २२:२२-२९ हे भाग मंडळीत मोठ्याने वाचावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका तरुण बंधूस, विहिरीवरील पाण्याची मोटर चोरीस गेल्याच्या प्रकरणी, पोलीस ठाण्याचे बोलावणे आले. आदल्या रात्री तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "पाळकसाहेब, उद्या मी काय बोलू?" चोरीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, मात्र त्या सायंकाळी तो त्याच विहिरीवरून घरी गेला होता. आम्ही घाईने म्हणालो, "त्या वाटेस मी गेलोच नाही, असे सांगून मोकळा हो." त्याने तसेच सांगितले. परंतु दोघा शेतकऱ्यांनी त्यास पाहिले होते. असत्य उघडकीस आले आणि निरपराध मनुष्य संशयित ठरला. पुढे खरा चोर सापडला. तोवर ह्या बंधूस ठाण्याच्या किती खेपा घालाव्या लागल्या आणि गावात त्याच्या शब्दाची किंमत किती उतरली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तो दोष त्याचा थोडा व आमचा अधिक. म्हणून हा पाठ आम्ही प्रथम स्वतःसाठी लिहीत आहो.

१. प्रभूचे मौन. हन्नाने प्रभूस त्याच्या शिष्यांविषयी व शिक्षणाविषयी विचारले. प्रभूने एकाही शिष्याचे नाव घेतले नाही. आपण उघडपणे शिकविले आहे, ज्यांनी ऐकले त्यांस विचारावे, एवढेच तो बोलला. कयफापुढे खोटे साक्षीदार उभे राहिले तेव्हा तो उगाच राहिला. परंतु तो कोण आहे हे शपथ घालून विचारले तेव्हा त्याने सत्य लपविले नाही. हेरोदास तर त्याने काहीच उत्तर दिले नाही (लूक २३:९). तेव्हा अधिकाऱ्यापुढे मौन धरणे हे स्वतः पाप नव्हे, हे उघड आहे.

२. पेत्राचे असत्य. तीच रात्र, तोच वाडा. बाहेर अंगणात पेत्र होता. त्यास विचारणारा कोणी न्यायाधीश नव्हता, एक दासी होती. तो उगाच राहू शकत होता, उठून जाऊ शकत होता. त्याने मात्र आपणास काही ठाऊक नाही असे सांगितले. येथे उपदेशक बंधूंनी थांबून मंडळीस नीट समजावून द्यावे. जे ठाऊक आहे त्याविषयी "मला ठाऊक नाही" असे म्हणणे हे मौन नव्हे, असत्य होय. "ह्या प्रश्नाचे उत्तर मी वकिलास विचारल्यावाचून देऊ इच्छीत नाही" हे मौन होय. पहिल्याने मनुष्य जाळ्यात अडकतो; दुसऱ्याने त्याचे मुख बंद राहते, पण जीभ विटाळत नाही.

३. कायद्याचा आसरा. फटके मारून चौकशी करण्याचा हुकूम सुटला तेव्हा पौलाने आपला रोमी हक्क सांगितला. हक्क सांगणे म्हणजे विश्वासाची उणीव, असे त्यास वाटले नाही. आपल्या देशाच्या संविधानातील अनुच्छेद २० (३) प्रमाणे आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीतही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथी ह्यांच्या खटल्यात ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. साक्षीदारास चौकशीस बोलवावयाचे ते लेखी आदेशाने. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग व अत्यवस्थ माणसे ह्यांस घराबाहेर येण्याची सक्ती नाही (कलम १७९). पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही अगर अंगठा घेता येत नाही (कलम १८१); कोऱ्या कागदावर तर कधीच देऊ नये. अटक झाल्यास वकिलास भेटण्याचा हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. पैसा नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रियांस व कोठडीतील मनुष्यास उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो. नाव व राहण्याचे ठिकाण मात्र नेहमी खरे सांगावे.

४. पापाचे मौन. एक मौन असेही आहे की जे देवास आवडत नाही. लेवीय ५:१ पाहा: ज्याने पाहिले वा जाणले व साक्षीस बोलावले असता सांगितले नाही, तो दोषी ठरतो. बांधावर एखाद्या मजूर बाईस मारहाण झाली, आपण ती पाहिली, आणि धन्याच्या भीतीने तोंड मिटले, तर संविधानाचा आसरा तेथे नाही. तो हक्क आपल्यावर दोष येऊ नये एवढ्यापुरता आहे, बलवानाचा अपराध झाकण्यासाठी नाही. कलम १८० हेच सांगते: आपणास गुन्ह्यात गोवतील असे प्रश्न वगळता बाकीच्यांची उत्तरे खरी दिलीच पाहिजेत. आणि ज्याने खरोखर चोरी केली आहे, त्यास ठाण्यात मौनाचा हक्क असला तरी देवापुढे नाही. त्याने जक्कयाप्रमाणे घेतलेले परत करावे.

सारांश, बोलावणे आले असता प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे: माझे मौन कोणास राखते? निर्बळास राखीत असेल तर ते धरावे. निर्बळाचा घात करीत असेल तर ते मोडावे. असत्यास मात्र दोन्हीकडे जागा नाही.

चर्चेसाठी प्रश्न: (१) पेत्र अंगणात खरे न सांगता, पण खोटेही न बोलता, काय करू शकला असता? (२) आपल्या गावात भीतीने कोणती साक्ष दडून राहिली आहे? (३) मंडळीतील एकास बोलावणे आले, तर त्याच्यासोबत ठाण्यापर्यंत कोण जाईल? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून ठेवावे. त्या तरुण बंधूबरोबर त्या दिवशी आम्ही गेलो नव्हतो.

प्रभू आपल्या मुखावर पहारा ठेवो, आणि बोलण्याच्या वेळी धैर्य देवो. आमेन.