एक परस, तीन पक्षी : मिश्र पक्षीपालनाचा अभ्यास

सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. राज्याभिषेकाच्या २६व्या वर्षीच्या त्या लेखात अवध्य प्राण्यांची मोठी यादी आहे. गाभण व दुभत्या शेळ्यामेंढ्यांना आणि सहा महिन्यांच्या आतील पिलांना अभय आहे. विद्यार्थी ती यादी परीक्षेपुरती पाठ करतात. परंतु त्याच लेखात दोन लहान आज्ञा आहेत, ज्यांवर शिकवणाऱ्याचेही सहसा लक्ष जात नाही. कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, ही एक. आणि ज्या तुसात जीव आहेत ते तूस जाळू नये, ही दुसरी. काही वर्षांपूर्वी नववीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, एवढ्या मोठ्या राजाला कोंबड्याचं आणि तुसाचं काय पडलं होतं?" आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. आम्ही वर्गाला उठवून वसतिगृहाच्या मागील खुराड्यापाशी नेले आणि जमिनीवरील तुसाची गादी काठीने उकरून दाखवली. किडे, अळ्या, मुंग्यांची अंडी यांनी ती भरलेली होती, आणि कोंबड्या आमच्या पायांमधून त्यांवर तुटून पडल्या. ज्याने ती आज्ञा लिहवली त्याला परस ठाऊक होता, एवढेच त्या दिवशी आम्ही सांगू शकलो.

त्या परसाविषयीच हा लेख आहे. आमची शाळा पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात आहे. मागे बोडी, तिच्या काठी मोहाची दोन झाडे, आणि त्यांच्या सावलीला कौलारू खुराडे. गेली अकरा वर्षे येथे देशी कोंबड्या, बदके आणि गिनी कोंबड्या असा मिश्र कळप आहे. त्याची निगा विद्यार्थी राखतात आणि जमाखर्चाची वहीही तेच लिहितात. अंडी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जातात. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, अशा घरांतून आमचे बहुसंख्य विद्यार्थी येतात. त्या घरांत कोंबडी हेच पशुधन आणि घरातील बाईच्या हातातला तोच पैसा. तेव्हा कोंबडी नीट पाळता येणे ही आमच्या विद्यार्थ्यांसाठी फावल्या वेळेतील करमणूक नाही.

मुळात कोंबडी हा पक्षीच मिश्र आहे. तिचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. त्या भागात भाताची शेती रुजली, सांडलेल्या दाण्यांना हा रानपक्षी सोकावला आणि हळूहळू माणसाच्या अंगणात आला, असे अलीकडचे संशोधन सांगते. पण अनेक कोंबड्यांची कातडी पिवळी असते ती त्याच्यामुळे नव्हे. ते जनुक आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आले, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. शुद्ध रक्ताचा अभिमान ज्यांना मिरवायचा असेल त्यांनी कोंबडीकडे न पाहिलेले बरे.

तीन पक्षी एकत्र ठेवण्याचा लाभ उघड आहे. कोंबडी उकिरडा आणि अंगण उकरते, बदक बोडीच्या काठावरील गोगलगायी टिपते, गिनी कोंबडी गवतातील किडे व गोचिडे वेचते आणि साप, मुंगूस वा अनोळखी माणूस दिसताच साऱ्या वसतिगृहाला जाग येईल असा कालवा करते. मात्र आरंभी आमची अशी समजूत होती की पक्षी म्हणजे पक्षी. एक छप्पर, एक भांडे, एक दाणा पुरे. या समजुतीची किंमत आम्ही पहिल्या दोन वर्षांत मोजली.

निवाऱ्याचेच पाहा. कोंबडी रात्री उंचावर बसते. तिला जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आडवे दांडे हवेत. बदक जमिनीवरच निजते. दोघांना एका दालनात ठेवले की कोंबड्यांची विष्ठा रात्रभर बदकांच्या पाठीवर पडते आणि बदकांनी भिजवलेल्या गादीचा ओलावा कोंबड्यांच्या पायांना व श्वासाला बाधतो. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि हा रोग पिलांना हटकून धरतो. आम्ही खुराड्यात मध्ये कुडाची भिंत घातली. एका बाजूला दांडे आणि तीन इंच तूस, दुसऱ्या बाजूला तणसाचा थर, तोही दर दोन दिवसांनी बदललेला. गिनी कोंबड्यांना छप्परच नको असते. त्यांना मोहाचे झाड आवडते, आणि झाडावर निजलेली गिनी कोंबडी घुबडाच्या किंवा रानमांजराच्या तोंडी जाते. त्यांना लहानपणापासून सायंकाळचा शेवटचा दाणा खुराड्यातच टाकण्याची सवय लावावी लागते. मोठेपणी आणलेल्या गिनी कोंबड्यांना ही सवय आम्हांला कधीच लावता आली नाही.

पाण्याचेही तसेच. कोंबडीला चोच बुडेल एवढे पाणी पुरते. बदकाला नाकपुड्या व डोळे धुण्यासाठी डोके बुडेल एवढी खोली लागते, आणि ते भोवतालचा चिखल करून ठेवते. म्हणून बदकांचे टोपले खुराड्याबाहेर, गिट्टीच्या थरावर ठेवावे. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. त्यांना नऊच्या आत सोडले तर अंडी बोडीच्या गाळात जातात. कोंबड्या मात्र पहाटेच सोडाव्यात. सकाळी दोन दारे दोन वेळांना उघडणे हे आमच्या वसतिगृहातील पाळीचे पहिले काम आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कौलांवर ओले गोणपाट टाकावे, पाणी दुपारी पुन्हा बदलावे आणि दाणा उन्हाच्या वेळी न देता सकाळ-संध्याकाळ द्यावा.

खाद्याविषयी एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. उरलेसुरले अन्न, कणी, कोंडा, भाजीचा पाला हे सारे चालते. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा ठेवावा. परंतु बुरशी लागलेला मका किंवा भुईमुगाची पेंड "कोंबड्यांना काय होते" म्हणून टाकू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात कारणाने मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीचे विष सापडले. अफ्लाटॉक्सिनचा परिचय जगाला झाला तो असा. त्या विषाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत बदकाची पिले येतात. ज्या पोत्यातील दाणा आपण स्वतः खाणार नाही तो बदकालाही घालू नये. त्याचप्रमाणे, कोंबडीच्या पिलांसाठीच्या तयार खाद्यात कधी कधी रक्ती हगवणीवरील औषध मिसळलेले असते. ते बदकांना व गिनी कोंबड्यांना चालेल की नाही हे पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय ठरवू नये.

अंड्यांच्या संख्येबाबत फार मोठ्या अपेक्षा बाळगणाऱ्यांची निराशा होते. देशी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. हैदराबादच्या संशोधन केंद्राने परसासाठी विकसित केलेली वनराज याहून अधिक देते, खाकी कॅम्पबेल जातीचे बदक तर कितीतरी अधिक; पण त्यांपैकी कोणीही उबवण्याचे काम देशी कोंबडीच्या निष्ठेने करत नाही. खुडूक कोंबडी ही परसातील खरी संपत्ती आहे. आम्ही तिच्याखाली बदकांची व गिनी कोंबड्यांचीही अंडी ठेवतो. येथे दिवसांचा हिशेब चुकता कामा नये. कोंबडीची पिले २१ दिवसांत निघतात, गिनीची २६ ते २८ आणि बदकाची २८ दिवसांत. सर्व अंडी एकाच दिवशी एकत्र ठेवली तर कोंबडी पहिली पिले घेऊन उठून जाते आणि उरलेली अंडी थंड पडतात. एका कोंबडीखाली एकाच पक्ष्याची अंडी, आणि खुराड्याच्या दारावर खडूने तारीख, असा आमचा नियम आहे. बदकाची पिले पहिल्यांदा बोडीत उतरतात तेव्हा काठावरच्या त्या कोंबडीची होणारी तगमग पाहून विद्यार्थी हसतात. आम्हांला मात्र अजून हसू येत नाही.

आता रोगराई. पूर्वी महाराष्ट्रात १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला लोक मानमोडी म्हणत. कोंबड्यांच्या ज्या रोगाला खेड्यात मानमोडी म्हणतात तो वेगळा. हिमालयातील रानीखेत येथे १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याची नोंद झाली म्हणून आपल्याकडे तो रानीखेत रोग. त्याच सुमारास इंग्लंडातील न्यूकॅसल येथेही तो आढळला, म्हणून जगात न्यूकॅसलचा रोग. हिरवट पातळ विष्ठा, धापा, लुळे पंख, पिरगळलेली मान आणि मृत्यू. औषध नाही.

आमच्या कळपाच्या तिसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, आठवडी बाजारातून आम्ही तीन कोंबड्या आणल्या. त्या त्या आठवड्यात स्वस्त मिळत होत्या, याचा आम्हांला आनंद झाला होता. त्याच संध्याकाळी आम्ही त्या खुराड्यात सोडल्या. सहाव्या दिवशी पहिली मान वाकडी झाली. दहा दिवसांत २५पैकी २१ कोंबड्या मेल्या. त्या २५मध्ये पाच आमच्या नव्हत्याच. स्वयंपाकघरातील मावशींच्या होत्या. घरी जागा नाही म्हणून त्यांनी त्या विश्वासाने आमच्या खुराड्यात ठेवल्या होत्या. जूनमध्ये त्या विकून मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे, असे त्यांनी ठरवले होते. पाचही गेल्या. मावशी आम्हांला एक शब्द बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे चुलीपाशी होत्या. प्रवेशाचे पैसे आम्ही शिक्षकांनी मिळून भरले, परंतु त्याने आमचा दोष फिटला असे आम्ही समजत नाही. पुढे रोग त्यांच्या वस्तीतही पोहोचला. मेलेल्या कोंबड्या चुना टाकून खोल पुरण्यापूर्वी विद्यार्थी त्याच पायांनी वस्तीत ये-जा करत होते.

नंतर पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी जे समजावले ते आम्हांला आधी ठाऊक असायला हवे होते. गावात मर सुरू झाली की लोक उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेतात. म्हणून बाजारात कोंबडी एकाएकी स्वस्त झाली तर ती घेऊच नये. नवा पक्षी किमान तीन आठवडे दूर, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा आणि त्याला दाणा घालून आल्यावर हातपाय धुवावेत. आमची बदके त्या साथीत टिकली, याचे आम्ही समाधान मानले होते; पण बदक स्वतः आजारी न दिसता असे विषाणू बाळगू शकते आणि कोंबड्यांना देऊ शकते. मिश्र कळपाचा खरा धोका हाच. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून तर ही सावधगिरी अधिकच आवश्यक झाली आहे. हिवाळ्यात बोडीवर रानबदके उतरतात तेव्हा आम्ही आमची बदके आवारातच ठेवतो. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते हाताळू नयेत, खाऊ नयेत आणि दवाखान्यात त्वरित कळवावे.

रानीखेतवर लस आहे आणि ती महाग नाही. पिलांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत लासोटाचा एक थेंब, आणि आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर आर टू बी ही टोचायची लस. अधल्यामधल्या मात्रा डॉक्टर सांगतील तशा. देवीची लस वेगळी. मग खेड्यातील कोंबड्या दरवर्षी का मरतात? अडचण कुपीत आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची लस असते, ती दवाखान्यापासून परसापर्यंत बर्फातच आणावी लागते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्या घरी आठ कोंबड्या आहेत त्या घराने काय करावे? एकट्या घराला ही लस परवडत नाही, आणि शेजारच्या घरांनी ती घेतली नाही तर रोगाचा फेरा त्याच वस्तीत राहतो.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांनी वस्तीत घरोघर जाऊन कोंबड्यांची गणना केली. १९ घरे, १३७ पक्षी. आरंभी काही घरांनी संख्या कमी सांगितली. सरकारी नोंद म्हटली की गरीब माणूस आकडा लपवतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही. मावशी सोबत गेल्या तेव्हा खरे आकडे मिळाले. ठरलेल्या दिवशी पहाटे पाचला, कोंबड्या डालग्यांतून सुटण्यापूर्वी, डॉक्टर व त्यांचे सहायक आले. मुलांनी थर्मासमध्ये बर्फ धरला, मुलींनी वहीत प्रत्येक घरापुढे खूण केली. साडेसहाला काम संपले. आजारी दिसणाऱ्या चार पक्ष्यांना लस दिली नाही, कारण लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची असते. तेव्हापासून वर्षातून दोनदा हा दिवस पाळला जातो. मर पूर्णपणे थांबली असे आम्ही म्हणणार नाही. वहीतील मृत्यूंचा रकाना आता बहुधा मुंगूस, घार आणि कुत्रे यांनी भरतो.

एक प्रश्न आमच्याकडून सुटलेला नाही. दर विणीत निम्मी पिले नर निघतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. अधिक झाले तर ते आपसांत झुंजतात आणि कोंबड्यांची पाठ सोलतात. अंड्यांसाठी पक्षी पाळणाऱ्या या शाळेने त्या नरांचे काय करावे? शिक्षकांच्या बैठकीत यावर दोन तट आहेत आणि दोन्हींकडे प्रामाणिक माणसे आहेत. पंचशील शिकवणाऱ्या शाळेने प्राणी कापण्यासाठी विकू नयेत, असे काही म्हणतात. ज्यांच्या ताटात आठवड्यातून एकदाही पोषक अन्न पडत नाही त्यांना हे कोणी शिकवावे, असे इतर विचारतात. तूर्त आम्ही वस्तीशी अदलाबदल करतो. एकाच कोंबड्याची वीण पिढ्यान्‌पिढ्या चालली तर पिले कमजोर होतात, म्हणून दर दीड-दोन वर्षांनी नर बदलावा लागतो, आणि बाहेरचा लस दिलेला कोंबडा मिळाला तर घरे आनंदाने घेतात. या वर्षी सात नर निघाले. तीन वस्तीत गेले. चार अजून कुडाच्या पलीकडे वेगळ्या दालनात आहेत, रोज पहाटे चौघे मिळून आरवतात, आणि त्यांच्या दाण्याचा खर्च वहीत वेगळ्या पानावर लिहिला जातो.