चुन्याची डबी : शास्त्रशाखेबाहेरील विद्यार्थ्यांसाठीं रसायनाचा एक धडा

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला म्हणजे कांहीं विद्यार्थी आमच्याकडे येऊन मोठ्या समाधानानें सांगतात, "सर, आतां रसायनशास्त्राशीं आमचा संबंध संपला." कला किंवा वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्यानें असें म्हणावें ह्यांत नवल नाहीं. परंतु त्याचा संबंध संपतो तो पाठ्यपुस्तकाशीं, रसायनाशीं नव्हे. तें त्याच्या स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत व भिंतीवर पूर्वींप्रमाणेंच नांदत असतें. अशा मित्रांकरितां आज आम्ही एकच पदार्थ घेणार आहों. आणि तो प्रयोगशाळेंतला नसून आजोबांच्या पानाच्या डब्यांतला आहे. तो म्हणजे चुना.

चुन्याचा जन्म दगडापासून होतो. चुनखडीचे दगड, किंवा समुद्रकिनाऱ्यावरील शिंपले, भट्टींत घालून सुमारें ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले म्हणजे त्यांतून एक अदृश्य वायु निघून जातो व मागें कळीचा चुना राहतो. हा वायु म्हणजे कार्बन डायॉक्साइड. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलें कीं तो फुगतो, फुटतो, आणि इतका तापतो कीं पाणी उकळूं लागतें. खालीं जाळ नसतां ही उष्णता आली कोठून? चुना व पाणी ह्यांचा संयोग होऊन एक नवाच पदार्थ बनला, त्या संयोगांतून ती बाहेर पडली. हा नवा पदार्थ म्हणजे विरलेला चुना. पानाला लावतात तो हाच, व भिंतीला देतात तोही हाच.

भिंतीवर चुना वाळतो, एवढेंच आपणांस दिसतें. वस्तुतः तो हवेंतील कार्बन डायॉक्साइड हळूहळू परत घेतो, पाणी सोडून देतो व पुनः चुनखडी बनतो. भट्टींत जो दगड मोडला, तोच भिंतीवर पुनः घडला! जुन्या वाड्यांचें व किल्ल्यांचें चुन्यांतील बांधकाम कालांतरानें कठीण होत गेलें, त्याचें एक मुख्य कारण हेंच आहे.

आतां थोडा हिशेब पाहूं. वाणिज्यशाखेच्या विद्यार्थ्यास तो परका वाटूं नये. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली असतां ५६ किलो कळीचा चुना राहतो व ४४ किलो वायु उडून जातो. त्या ५६ किलोंनीं १८ किलो पाणी घेतलें कीं ७४ किलो विरलेला चुना होतो. भिंतीवर तो ४४ किलो वायु परत घेतो, १८ किलो पाणी सोडतो, आणि वहीची बाकी पुनः शंभरावर येते. जमा आणि खर्च ह्यांत एका कणाचीही चूक नाहीं.

हा जमाखर्च पूर्वीं कोणास ठाऊक नव्हता. भट्टींतील अग्नीचा अंश दगडांत शिरतो व म्हणूनच चुना दाहक होतो, असा पुष्कळ विद्वानांचा समज होता. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्यांनीं १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत तराजूच्या साहाय्यानें ह्याच्या उलट दाखविलें. दगडांत कांहीं शिरत नाहीं, दगडांतून कांहीं जातें. आणि जें जातें तें हवेहून निराळें आहे. आपल्या उच्छ्वासांतही तोच वायु असतो, हें त्यांनींच पुढें ओळखिलें.

ह्याचा पडताळा घरीं पाहतां येतो. वडील माणसांस विचारून चण्याएवढा विरलेला चुना पेलाभर पाण्यांत ढवळावा व रात्रभर झांकून ठेवावा. लिटरभर पाण्यांत दोन ग्रॅमही चुना विरघळत नाहीं. बाकीचा तळाशीं बसतो. सकाळीं वरची स्वच्छ निवळी हलकेच दुसऱ्या पेल्यांत ओतावी व तींत नळीनें सावकाश फुंकावें. पाणी मात्र तोंडांत ओढूं नये, व डोळे दूर ठेवावेत. थोड्याच वेळांत निवळी दुधासारखी होईल. तें दूध म्हणजे पाण्यांत तरंगणारे चुनखडीचे सूक्ष्म कण होत. हवेंत हा वायु शेंकडा सुमारें ०.०४ असतो, तर उच्छ्वासांत सुमारें ४, म्हणजे शंभरपट.

दुसरा प्रयोग हळदीचा. हळदीच्या कपड्यास साबण लागतांच डाग लाल होतो, हें कोणी पाहिलें नाहीं? कागदाच्या पट्टीस हळद लावून वाळवावी व तीवर निवळीचा थेंब सोडावा; पट्टी लाल होईल. त्यावर लिंबाचा रस पिळावा. ती पुनः पिवळी होईल. चुना हा अल्क आहे व लिंबाचा रस हें आम्ल. एक दुसऱ्याचा गुण नाहींसा करितें.

हा प्रयोग दाखवून आम्हीं एकदां वर्गांत विचारिलें, "मग चुना डोळ्यांत गेला तर काय कराल?" एका हुशार मुलानें तत्काळ उत्तर दिलें, "लिंबू पिळीन." वर्गानें माना डोलविल्या. आम्हांस मात्र धस्स झालें. कारण तें उत्तर आमच्याच शिकवणींतून निघालें होतें. कागदाची पट्टी आणि मनुष्याचा डोळा ह्यांतील भेद सांगावयाचा आमच्याकडून राहून गेला होता.

तो भेद येथें सांगतों. आम्ल स्वतः डोळ्यास जाळतें. शिवाय आम्ल व अल्क एकत्र आले कीं उष्णताही उत्पन्न होते. चुन्यासारखा अल्क डोळ्यांत वरवर न राहतां खोल शिरत जातो, म्हणून एक क्षणही दवडणें घातक आहे. चुन्याची पुडी दाबतांना ती फुटून लहान मुलांचे डोळे गेल्याचीं उदाहरणें आपल्या देशांतील नेत्रवैद्यांनीं नोंदविलीं आहेत. अशा वेळीं डोळा चोळूं नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार तत्काळ धरावी व निदान अर्धा तास डोळा धूत राहावें. लिंबू, तूप, दूध अथवा दुसरें कांहींही घालूं नये. धुऊन होतांच, दुखणें थांबलें असलें तरी, नेत्रवैद्याकडे जावें. आणि सर्वांत आधीं, चुन्याची डबी व पुडी मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी ठेवावी.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पुढें वकील व्हा, व्यापारी व्हा, कीं इतिहासाचे पंडित व्हा. समीकरणें विसरलांत तरी आमचा राग नाहीं. पण घरांतील वस्तूंचे गुणधर्म विसरूं नका, आणि अर्ध्या ज्ञानावर थांबूं नका. आज घरीं गेल्यावर पहिलें काम एवढेंच करा : चुन्याची डबी कोठें आहे तें पाहा, आणि ती उंच फळीवर ठेवा.