ट्रान्झिस्टर शाबूत आहे का?

प्रश्न: अ‍ॅम्प्लिफायरमधला बीसी ५४७ गेलाय अशी शंका आहे. साध्या मल्टिमीटरवर कसा तपासू?

उत्तर: सप्लाय बंद करून तो आधी बोर्डावरून काढा, जागेवर मोजलात तर शेजारचे रेझिस्टर हमखास फसवतात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. लाल प्रोब बेसवर ठेवून काळा आळीपाळीने उरलेल्या दोन्ही पायांना लावा. साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवेत. एमिटरकडचा आकडा किंचित जास्त असतो. प्रोब उलटे लावले की रीडिंग येता कामा नये. कलेक्टर-एमिटरमध्येही दोन्हीकडून नको. तिथे शून्याजवळ आकडा आला, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे. बीसी ५५७ पीएनपी, त्याला बेसवर काळा प्रोब.