खांद्याची दुखणी: ओळख आणि उपचार



खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा फिरणारा सांधा. दंडाच्या हाडाचा मोठा गोल पात्याच्या हाडावरच्या उथळ वाटीला टेकलेला असतो आणि एका वेळी त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा वाटीला लागतो. त्याला जागेवर धरतात ते सांध्याभोवतीची पिशवी, लिगामेंट आणि रोटेटर कफ नावाचे चार स्नायू. खांद्याची बरीचशी दुखणी या मऊ भागांची असतात, म्हणून एक्स-रे निर्दोष आला तरी खांदा निर्दोष ठरत नाही.

तपासणी दोन्ही खांदे उघडे करून, पुढून आणि मागून पाहून सुरू करावी. मग तीन गोष्टी जाणाव्यात. दुखणे पडल्यावर सुरू झाले की हळूहळू? रुग्ण बोट नेमके कुठे ठेवतो? आणि हात रुग्णाने स्वतः उचलला व तपासणाऱ्याने उचलला तर फरक पडतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे. स्वतः उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलल्यावर हात वर जातो, तर दोष स्नायूत, कंडरेत किंवा नसेत असतो. दोन्ही वेळा हात एकाच ठिकाणी अडला, तर दोष बहुधा सांध्यातच असतो.

पडल्यानंतर खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसू लागला आणि रुग्णाने हात अंगापासून थोडा दूर, दुसऱ्या हाताने सांभाळून धरला, तर खांदा पुढच्या बाजूला निखळलेला असतो. कबड्डीत किंवा दुचाकीवरून पडल्यावर हे घडते. तिथल्या तिथे हात ओढून सांधा बसवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये; हाड मोडलेले असू शकते आणि ओढण्याने नस दुखावू शकते. आहे त्या स्थितीत हाताला आधार द्यावा आणि रुग्णालय गाठावे. तिथे मनगटाची नाडी आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना पाहावी, एक्स-रे काढावा, मगच सांधा बसवावा. नंतर एक ते तीन आठवडे झोळी आणि पुढे स्नायू बळकट करणारे व्यायाम. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला लवकर घ्यावा. चाळिशीनंतर निखळलेल्या खांद्यात कफ फाटला आहे का, हे पाहायलाच हवे.

आकडी आल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सहज निसटतो. हात आत वळलेल्या स्थितीत अडकला असेल तर बाजूने किंवा काखेतून घेतलेला एक्स-रे मागवावा.

खांद्याच्या टोकावर थेट आपटल्यास कॉलरबोन आणि पाते यांमधला लहान सांधा दुखावतो. रुग्ण बरोबर त्या टोकावर बोट ठेवतो, तिथे कधी उंचवटा दिसतो, आणि हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेला की कळ येते. सौम्य दुखापतीला काही दिवस झोळी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि मग हळूहळू हालचाल पुरते. उंचवटा मोठा असेल, किंवा कॉलरबोन मोडून त्यावरची कातडी ताणली गेली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार तज्ज्ञाने करावा.

रोटेटर कफच्या कंडरेचे दुखणे बहुधा हळूहळू येते. दुखते दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागात. हात बाजूने वर नेताना साधारण 60 ते 120 अंशांच्या मध्ये कळ येते आणि पुढे कमी होते. त्या कुशीवर झोपवत नाही. इथे खांदा बांधून ठेवणे चुकीचे. दुखवणारे काम कमी करावे आणि रबरी पट्ट्याचे व पात्याच्या स्नायूंचे व्यायाम चढत्या क्रमाने किमान 12 आठवडे करावेत. दोन आठवड्यांत गुण नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्याला धीर देणे हाही उपचाराचाच भाग आहे. पडल्यानंतर मात्र हात एकाएकी उचलता येईनासा झाला आणि एक्स-रेत हाड शाबूत असले, तर कंडरा फाटल्याची शंका धरून सोनोग्राफी किंवा एमआरआय लवकर करावा. ताज्या मोठ्या फाटीची शिवण काही आठवड्यांत झालेली बरी. उशीर झाल्यास कंडरा मागे सरकते आणि स्नायू सुकतो.

आखडलेला खांदा, म्हणजे फ्रोझन शोल्डर, बहुधा 40 ते 60 या वयात येतो; स्त्रियांत आणि मधुमेहींत अधिक. वेणी घालता येत नाही, मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही. कोपर कमरेला लावून हात बाहेर वळवायला सांगावा: तो स्वतःही वळत नाही आणि दुसऱ्याने वळवूनही वळत नाही. मागे निखळलेल्या खांद्यातही हीच खूण आढळते, म्हणून एक्स-रे एकदा पाहावा. रक्तातली साखर तपासावी. आधी दुखणे वाढते, मग ते उतरून ताठरपणा उरतो, शेवटी खांदा सावकाश सुटतो; यात एक ते तीन वर्षे जातात. दुखऱ्या काळात जोर लावून ताणणे किंवा रगडून मालीश करणे टाळावे. सांध्यात दिलेल्या स्टिरॉइड इंजेक्शनाने या काळात आराम पडतो; मधुमेहीची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते, हे आधी सांगावे. शेक, ओणवे होऊन हात लोलकासारखा झुलवणे आणि सोसवेल तितकाच ताण हे व्यायाम रोज, थोडे थोडे करावेत.

खांद्यात दुखणारे सगळेच खांद्याचे नसते. कळ कोपराखाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील आणि मान वळवल्यावर ती वाढत असेल, तर मूळ मानेत शोधावे. डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल, तर खांदा तपासत न बसता ताबडतोब ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठावे. ताप येऊन सांधा गरम आणि सुजलेला असेल, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. गाठ, घटते वजन आणि विश्रांतीतही न थांबणारे दुखणे असेल, तर व्यायाम देण्याआधी पूर्ण तपासणी व्हावी.