छातीतला वण

विळा लागला की जखम होते. जखम भरते, पण वण राहतो. छातीच्या आतही असा वण राहू शकतो. त्याची माहिती आज आपण घेऊ.

आपल्या फुप्फुसावर पातळ आवरण असते. त्याला दोन पदर असतात. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांना आतून लागलेला. मध्ये थोडा ओलावा असतो. म्हणून श्वास घेताना हे पदर एकमेकांवरून सहज सरकतात.

क्षयामुळे छातीत पाणी झाले, तर बरे झाल्यावरही या आवरणावर वण राहू शकतो. दुसरे कारण धुळीचे. अ‍ॅस्बेस्टॉस हा तंतूंचा दगड आहे. तो सिमेंटात कालवून छपराचे पत्रे करतात. त्याची धूळ श्वासावाटे आत जाते. तिचे चट्टे बहुधा २० ते ३० वर्षांनी दिसतात.

समजा, एका गृहस्थाने उमेदीची वर्षे मुंबईला अशा कारखान्यात काढली. आता तो गावी शेती करतो. बैलाने धडक दिली म्हणून छातीचा स्कॅन काढला. त्यात आवरणावर चट्टे निघाले. कर्करोगच झाला, असे समजून त्याने अंथरूण धरले. अशा माणसाला आम्ही सांगू, "बाबा, हा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. चट्ट्याचा कर्करोग होतही नाही. तो औषधाने जात नाही, आणि काढावाही लागत नाही. पण धूळ आत गेली होती, याची ती खूण आहे. म्हणून जपून राहा."

जपायचे कसे?

विडी सोडावी. ही धूळ आणि विडी एकत्र आली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

चालणेफिरणे, झेपेल ते काम चालू ठेवावे.

छातीचे जुने फोटो जपावेत. जुना नि नवा ताडून पाहिला, की वण तसाच आहे की बदलला, हे डॉक्टरांना कळते.

धाप वाढली, छाती सारखी दुखू लागली, वजन घटले किंवा थुंकीत रक्त दिसले, तर लगेच दवाखाना गाठावा. खोकला दोन आठवडे टिकला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

घरावरचा जुना सिमेंटचा पत्रा करवतीने कापू नये, फोडू नये. त्याची धूळ पोराबाळांच्या छातीत जाते.

आता हक्काची गोष्ट. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्याने कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे उशिरा येईल तोवर ठेवायची आहे. तेव्हा हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी चुलीत घालू नका.

घरी करा : आपण कुठे, कोणते काम, किती वर्षे केले, ते वहीत लिहून काढा. लिहायला आता येतेच आहे. दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या.