सशाची मादी गाभ धरीत नसल्यास नराची तपासणी करावी

नर दाखवूनही सशाची मादी गाभण राहिली नाही, की पाळणारा बहुधा तिलाच वांझ ठरवून विकून टाकतो. घोलवड, बोर्डी, डहाणू या किनारपट्टीत हा निर्णय घाईचा ठरण्याचा संभव अधिक आहे. येथील दमट उन्हाळा सशांना मानवत नाही, आणि दोष पुष्कळदा मादीत नसून नरात असतो.

सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे व श्वासावाटे बाहेर टाकतो. १५ ते २५ अंश सेल्सिअसची हवा त्यास सुखावह असते. पारा ३० अंशांच्या वर बरेच दिवस राहिल्यास नराच्या शुक्रजंतूंची संख्या घटते व त्यांची हालचाल मंदावते. असा नर धष्टपुष्ट दिसतो, मादीवर चढतोही. परंतु गर्भ राहत नाही. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारे ७ आठवडे लागतात. त्यामुळे मे महिन्यातील उष्म्याचा परिणाम पाऊस पडून हवा थंड झाल्यावर, जुलैतही जाणवतो.

म्हणून मादी काढून टाकण्यापूर्वी अदलाबदल करून पाहावी. न फळलेली मादी दुसऱ्या नराकडे न्यावी आणि संशयित नराकडे पूर्वी व्यालेली मादी सोडावी. दुसरी मादीही रिकामी राहिल्यास नराला २ महिने विश्रांती देऊन पुन्हा पारखावे.

मादी नेहमी नराच्या पिंजऱ्यात न्यावी; नराला तिच्या पिंजऱ्यात सोडल्यास ती त्याच्यावर धावून जाते. सशाच्या मादीचे अंडे गाईप्रमाणे ठराविक दिवशी आपोआप सुटत नाही, तर संयोगानंतर सुमारे १० ते १२ तासांनी सुटते. योनिमुख लालसर व फुगीर असताना मादी नर घेते. फिकट असल्यास बळजबरी करू नये. संयोग पुरा होताच नर एका कुशीवर कोसळतो, हीच त्याची खूण. १२ ते १४ दिवसांनी सरावलेल्या हाताने पोट हळुवार चाचपल्यास गर्भाच्या गोळ्या लागतात.

माद्या एकत्र कोंडल्यास त्या एकमेकींवर चढतात आणि त्यानेही अंडे सुटते. मग खोटे गाभणपण येऊन मादी १६ ते १८ दिवस नर घेत नाही व शेवटी केस उपटून घरटे करू लागते. खरी गाभण मादी ३० ते ३२ दिवसांनी विते. वयात आलेल्या माद्या वेगवेगळ्या ठेवल्यास हा घोटाळा टळतो.

अति आंबोण खाऊन चरबी चढलेली मादीही फळत नाही. हिरवा चारा म्हणून नुसता सुबाभूळ रोज घालू नये. त्यातील मिमोसीन या द्रव्यामुळे केस गळतात व प्रजननही बिघडते. रानसशाशी संकर करण्याचा खटाटोप तर व्यर्थच आहे. तो निराळ्या जातीचा प्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास धरण्यास मनाई आहे.

घोलवडकरांजवळ चिकूची दाट सावली आहे, तिचा उपयोग करावा. नराचे पिंजरे बागेत वारा खेळेल अशा जागी जमिनीपासून उंच ठेवावेत. पत्र्याच्या छपरावर पेंढा अंथरून तो दुपारी भिजवावा. मात्र पाणी पिंजऱ्यात ठिबकू देऊ नये. पिण्याचे गार पाणी दिवसातून दोनतीनदा बदलावे आणि उन्हाळ्यात नर पहाटेच दाखवावा. जननेंद्रियावर खपल्या वा फोड दिसल्यास तो नर वेगळा काढून पशुवैद्यकास दाखवावा. तोपर्यंत त्याच्याकडे एकही मादी नेऊ नये.